ऑस्करच्या डोक्यावरचे खड्डे भरूनही परत येतात, तेव्हा काय तपासायचं

तीनदा औषध दिलं, तीनदा खड्डे भरले आणि तीनदा परत आले. माझ्या पहिल्या ऑस्करची, म्हणजे सिक्लिड कुळातल्या एका मोठ्या पाळीव माशाची, ही कथा. त्यानंतर ओळखीच्यांच्या टाक्यांमध्ये हाच प्रकार इतक्यांदा निस्तरलाय, की आता कुणाचा फोन आला तर मी आधी माशाबद्दल विचारतच नाही; टाकीची लांबी, रुंदी, उंची विचारते. खालचं सगळं मुख्यतः ऑस्करला धरून आहे, पण फ्लॉवरहॉर्न, ग्रीन टेरर, जॅक डेम्प्सी, रेड डेव्हिल, जॅग्वार अशा कुठल्याही थोराड सिक्लिडला लागू पडेल.

लक्षणं

- डोळ्यांच्या वर आणि मधल्या भागात टाचणीच्या डोक्याएवढे खळगे. ते वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात. कधी आतून पांढरट, चिकट धाग्यासारखं काही डोकावतं.
- दुखणं जुनं झालं की हीच झीज कल्ल्यांच्या झाकणावरून अंगाच्या मधोमध शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवर सरकते.
- विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी, लांबलचक लोंबत राहणारी.
- घास तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि थुंकून टाकतो.
- रंग काळवंडलेला, पर अंगालगत मिटलेले, दिवसभर एकाच कोपऱ्यात.
- औषधाने दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. एकदाच झालेला आणि बरा झालेला त्रास वेगळा. परत परत येणारा त्रास म्हणजे टाकीतलं काहीतरी तसंच राहिलंय.

मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल किंवा कल्ले भराभर हलत असतील, तर ही यादी क्रमाने करत बसू नका. आधी एअर पंप लावा, मग लगेच अमोनिया आणि नायट्राइट मोजा. खड्ड्यांकडे उद्या बघू.

आधी खात्री करा: हे खड्डेच आहेत ना?

या तपासणीला काही खर्च नाही आणि निम्मी घाबरगुंडी इथेच मिटते. सिक्लिडच्या डोक्यावर नैसर्गिक छिद्रं असतातच. पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या नलिकांची ती तोंडं. डोळ्यांभोवती आणि जबड्यावर ती दोन्ही बाजूंना सारखी, ठरावीक अंतरावर, स्वच्छ कडांची दिसतात. मासा मोठा होतो तशी ती जास्त ठळक होतात, आणि कालपर्यंत लक्ष न गेलेल्या माणसाला एके सकाळी ती ‘अचानक’ दिसतात.

रोगाचे खड्डे तसे नसतात. डाव्या-उजव्या बाजूचा मेळ बसत नाही, कडा फाटल्यासारख्या असतात आणि आठवड्याभरात आकार बदलतो. म्हणून दिवे लावून, काचेला मोबाइल टेकवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि सात दिवसांनी पुन्हा काढा. बदल नसेल तर औषधाला हात लावू नका.

खरचटल्याची जखम तिसरीच. मोठा सिक्लिड दचकला की झाकणावर, हीटरवर, धारदार दगडावर आपटतो. अशी जखम एकाच ठिकाणी असते आणि पाणी चांगलं असेल तर आपली आपण भरते. तिच्यावर कापसासारखे पुंजके दिसले तर ते बुरशीचं काम, वरून बसलेलं.

टेप घ्या

दुकानातला ऑस्कर पाच सेंटिमीटरचा असतो, गोंडस दिसतो आणि तीन फुटी टाकीत हरवल्यासारखा फिरतो. चांगलं खाणं मिळालं तर वर्षभरात तो २० ते २५ सेंटिमीटर होतो, पुढे ३० ते ३५. माशाचं वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे लांबी सहापट झाली की वजन सुमारे २१६ पट होतं. टाकी तीच, फिल्टर तोच, बादली तीच, आणि आतला प्राणी दोनशेपट. लोक म्हणतात, ‘पहिले आठ महिने काहीच त्रास नव्हता हो.’ नसणारच.

टाकीत पाणी किती ते काढा. फुटांमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, गुणिले २८.३, म्हणजे लिटर. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू-दगड यांचे १५ टक्के वजा करा.

३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत प्रत्यक्षात १६० लिटरच्या आसपास पाणी असतं. ४ × २ × २ मध्ये सुमारे ३८५. ६ × २ × २ मध्ये सुमारे ५८०. एका प्रौढ ऑस्करला मी ४ × २ × २ पेक्षा लहान टाकी सुचवत नाही, दोघांना सहा फुटी. रुंदीकडे लोक दुर्लक्ष करतात. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. त्यात ३५ सेंटिमीटरचा मासा वळतो तेव्हा त्याला अंग दुमडावं लागतं. लांब पण अरुंद टाकीपेक्षा चार फुटी पण दोन फूट रुंद टाकी त्याला बरी.

टाकी लहान निघाली म्हणून आज लगेच नवी आणायला हवी असं नाही. पण हा आकडा पुढच्या सगळ्या हिशेबात लागणार आहे, म्हणून तो टाकीच्या मागच्या काचेवर लिहूनच ठेवा.

पाणी बदलण्याचा हिशेब

बहुतेक टाक्यांमध्ये दोष इथेच सापडतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा ऑस्करला रोज ३ ग्रॅम पेलेट्स मिळतात, त्यात ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांमध्ये सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्यातला ढोबळ मानाने एक तृतीयांश माशाच्या अंगी लागला असं धरू. उरलेला कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून पाण्यात येतो, मुख्यतः अमोनिया म्हणून. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र टाकीतच साठत राहतं. नेहमीच्या फिल्टरमध्ये त्याला पुढे वाट नाही. १६० लिटरच्या टाकीत ही भर आठवड्याला साधारण २५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) पडते.

आता तुम्ही दर रविवारी इमानदारीने २५ टक्के पाणी बदलता. वाटतं, झालं की. पण २५ टक्के पाणी काढलं की नायट्रेटही २५ टक्केच निघतं. जेवढी भर पडते तेवढं निघायला लागेपर्यंत आकडा चढतच जातो आणि मग एका जागी थांबतो. कुठे? आठवड्याची भर भागिले बदलाचं प्रमाण: २५ भागिले ०.२५, म्हणजे १०० पीपीएम. पाणी बदलल्यावरसुद्धा ७५. माशाला एकही दिवस त्याखालचं पाणी मिळत नाही.

तेच ५० टक्के बदललं तर आकडा ५० वर थांबतो आणि बदलल्यावर २५ होतो. तोच मासा, तेच खाणं ३८५ लिटरमध्ये नेलं तर आठवड्याची भर सुमारे १० पीपीएम, आणि निम्मं पाणी बदलत राहिलात तर आकडा २० च्या वर जात नाही. मी मोठ्या सिक्लिडसाठी २० च्या आत समाधानी असते, ४० ला अस्वस्थ होते.

आणि एक: नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातच १० पीपीएम नायट्रेट असेल, तर वरच्या प्रत्येक आकड्यात सरळ १० मिळवा. कितीही पाणी बदला, मूळ पाण्याच्या खाली जाता येत नाही.

माझ्या तिन्ही फेऱ्यांमध्ये नेमकं हेच झालं होतं. औषधाच्या सूचनेत लिहिलं होतं, म्हणून उपचाराच्या काळात मी भराभर पाणी बदलत होते. खड्डे भरले. श्रेय औषधाला दिलं आणि पुन्हा रविवारच्या दोन बादल्यांवर आले.

वही नसेल तर आठवणीवर जाऊ नका. ‘दर आठवड्याला बदलतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरी मधले दोन आठवडे प्रवासात गेलेले असतात. चार आठवडे तारीख आणि लिटर लिहा. बादल्यांचा कंटाळा हेच खरं कारण असेल, तर नळाला जोडायचा लांब पाइप हा या यादीतला सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

टेस्ट किट

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसणं याला काही अर्थ नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही बिनरंगी. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. पाण्यात एकूण काय विरघळलंय ते तो ढोबळपणे सांगतो, त्यात अमोनिया किती हे नाही.

थेंबांचं किट घ्या. पट्ट्या अंदाजापुरत्या ठीक. नायट्रेटच्या किटमध्ये बहुधा एका बाटलीत तळाशी बसणारी पूड असते. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर उत्तर फसवं कमी येतं. ‘माझं नायट्रेट तर पाचच आहे’ म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघांची बाटली मी हलवली आणि रंग लालभडक झाला. काही किट नायट्रेट न दाखवता नायट्रेटमधला नायट्रोजन दाखवतात. तसं असेल तर आकड्याला ४.४ ने गुणा. मुदत संपलेलं किट फेकून द्या.

काय दिसायला हवं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० च्या आत. पहिल्या दोघांपैकी काहीही दिसलं तर फिल्टर कमी पडतोय किंवा नुकताच बिघडलाय. नायट्राइट दिसत असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. ती तात्पुरती ढाल आहे, पाणी बदलायचंच.

पीएच आणि केएचही मोजा, आणि पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय मोठं पाणी बदलू नका.

अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली आम्ल झेलण्याची ताकद, म्हणजे केएच, खर्च होत असते. महिनोन् महिने थोडंथोडकं पाणी बदललेल्या टाकीत ती शून्यावर येते आणि पीएच घसरतो. सहाच्या आसपास जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, अमोनिया साठू लागतो. पण आम्ल पाण्यात तो जवळपास सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नाही, म्हणून मासा तग धरून राहतो. अशा टाकीत पीएच ८ चं ताजं पाणी निम्मं ओतलं तर काय होईल? २५ अंशांना, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. दहापट. ‘पाणी बदललं आणि तासाभरात मासा आडवा झाला’ यातल्या बऱ्याच गोष्टी इथल्या आहेत. टाकीचा पीएच मूळ पाण्यापेक्षा एक किंवा जास्तने खाली असेल तर रोज १० टक्के, आठ-दहा दिवस, रोज अमोनिया मोजत. मग मोठ्या बदलावर या.

निव्वळ आरओचं पाणी वापरणारे याच खड्ड्यात लवकर पडतात. त्यात केएच नाही, कॅल्शियम नाही. डिस्कस माशाच्या पिलावळीसाठी लोक ते वापरतात. ऑस्करला त्याची गरज नाही. साधं पाणी मिसळा.

क्लोरीन आणि तापमान

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते उघड्या बादलीत हळूहळू उडून जातं. क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर रात्रभर ठेवूनही राहतं. डिक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, दोन्हींवर चालतो, पण क्लोरामिन फुटल्यावर मागे अमोनिया उरतो. म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारा घ्या. सरळ टाकीत पाइप सोडत असाल तर मात्रा नव्या पाण्याची धरू नका, पूर्ण टाकीची धरा.

थर्मामीटर हीटरच्या विरुद्ध टोकाला लावा. २४ ते २७ अंश पुरे. औषधासोबत तापमान ३० वर नेण्याचा सल्ला सर्रास मिळतो. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. आधीच दमलेल्या माशाला हे परवडतं का ते बघा. नेलंच तर एअर पंप दुप्पट करा. हीटरला जाळी हवी. मोठ्या सिक्लिडला हीटर हे खेळणं वाटतं.

पाण्यात हात घालण्याआधी हीटर आणि पंप यांचे प्लग काढा. प्रत्येक वेळी. हीटर चालू राहून पाण्याबाहेर आला तर काच तडकते, आणि मग तडकलेल्या हीटरच्या पाण्यात तुमचा हात असतो.

फिल्टर कधी उघडला होता?

कॅनिस्टरची, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरची, गंमत अशी की घाण डोळ्यांआड जाते आणि आपल्याला ती गेली असं वाटतं. ती गेलेली नसते; त्याच पाण्यात, बंद डब्यात कुजत असते आणि नायट्रेट बनत असते. ऑस्कर खाताना अर्धं चघळून कल्ल्यांतून धुरळा सोडतो, त्यामुळे पुढचा स्पंज लवकर बुजतो. तो दर आठवड्याला धुता येईल अशी सोय करा. आतला डबा महिन्या-दीड महिन्याने.

धुवायचं टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नव्हे. क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पुढचे आठ दिवस अमोनिया चढतो. सगळे थर एकाच दिवशी धुऊ नका. पंपाचा आकडा बघताना खोक्यावरचा धरू नका; भरलेल्या फिल्टरचा प्रवाह त्यापेक्षा बराच कमी असतो. बाहेर पडणारं पाणी बादलीत धरून एक मिनिट मोजा. तासाला टाकीच्या पाच-सहा पट तरी भरायला हवं.

ॲक्टिव्हेटेड कार्बन असेल तर काढून बघा. समुद्रातल्या सर्जनफिशवरच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोक्याच्या आणि अंगाच्या रेषेवरच्या झिजेचा कार्बनशी स्पष्ट संबंध दिसला. गोड्या पाण्यातल्या सिक्लिडवर तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण कार्बन काढायला काहीच लागत नाही. औषध देताना तर तो काढायलाच हवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

खाणं

उघडलेला पेलेट्सचा डबा वास घेऊन बघा. खवट वास म्हणजे तेल बिघडलंय. क जीवनसत्त्व हवा, उजेड आणि उष्णतेने आधीच गेलेलं असतं, वास यायची वाट न बघता. क आणि ड जीवनसत्त्वं, कॅल्शियम, फॉस्फरस यांची कमतरता या दुखण्याच्या कारणांमध्ये नेहमी धरली जाते. मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. दोन महिन्यांत संपेल एवढंच घ्या, बाकीचं घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये.

जिवंत गोल्डफिश खायला घालणं बंद. तमाशा सोडला तर त्यात काही नाही. गोल्डफिशमध्ये थायामिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व नासवतं; शिवाय त्यांच्यासोबत परजीवी फुकट येतात. जनावरांचं काळीज-मांस रोज देणाऱ्यांनीही थांबावं. सस्तन प्राण्यांची चरबी माशाच्या यकृतात साठते.

आणि प्रमाण. ऑस्कर काचेशी येऊन कुत्र्यासारखा बघतो, मान्य. वर दिलेला ३ ग्रॅमांचा हिशेब आठवा आणि तुम्ही किती घालता ते एकदा वजनकाट्यावर मोजा. मी मोजलं तेव्हा ७ ग्रॅम निघाले होते. आठवड्यातून एक दिवस काहीच न दिल्याने प्रौढ माशाचं काही बिघडत नाही.

शेजारी

सगळे आकडे ठीक असूनही खड्डे वाढत असतील तर संध्याकाळी दिवे जायच्या आधी अर्धा तास लांब बसून बघा. जवळ बसलात तर सगळे खाण्याच्या आशेने गुण्यागोविंदाने वागतात. एकजण सतत पाठलाग करतोय का, दुसरा हीटरच्या मागे उभा आहे का, हे लांबूनच कळतं. मोठ्या सिक्लिडमधली मारामारी खड्डे पाडत नाही, पण सततच्या ताणाने माशाची प्रतिकारशक्ती खचते आणि आतड्यातले परजीवी माजतात. जोडी जमली की इतरांची धडगत नसते, हेही लक्षात असू द्या. मधे जाळी घालून पंधरा दिवस वेगळं ठेवा. दबलेल्याचा रंग उजळला, तर निदान झालं.

टाकी नव्याने मांडल्यावर ऑस्कर तळाशी आडवा पडून रुसतो. ते नाटक असतं. दोन दिवसांत उठतो.

मोठी टाकी

इथवर सगळं करून नायट्रेट ४० च्या खाली येत नसेल, किंवा त्यासाठी आठवड्यातून तीनदा पाणी बदलावं लागत असेल, तर उत्तर टाकीत नाही, टाकीच्या आकारात आहे. जुना फिल्टर नव्या टाकीवरही लावा, म्हणजे जिवाणूंची वस्ती सोबत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सहा फुटी टाकीचं पाणीच ५८० किलो. १२ मिलिमीटरची काच सव्वाशे किलोच्या घरात, वर वाळू, स्टँड: ८०० किलोच्या पुढे. तळमजला सोडून कुठेही ती ठेवणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ‘भिंतीलगत ठेवली की चालतं’ हा सल्ला माझ्याकडून घेऊ नका आणि काचवाल्याकडूनही घेऊ नका.

एवढी जागाच नसेल तर मासा जागा असलेल्याकडे द्यावा. नदी-तळ्यात मात्र कधीच सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा दक्षिण फ्लोरिडाच्या कालव्यांमध्ये असाच माणसांच्या हातून पोहोचला आणि तिथे ठाण मांडून बसला.

औषध, आणि हात थांबवायची वेळ

औषध शेवटी ठेवलंय ते ते वाईट म्हणून नव्हे. डोक्याच्या खड्ड्यांसोबत पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा असेल तर स्पायरोन्यूक्लियस या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय येतो आणि त्यावर मेट्रोनिडॅझोल चालतं. मासा खात असेल तर ते खाण्यातून दिलेलं जास्त उपयोगी, कारण परजीवी आतड्यात आहे. पण मात्रा माशाच्या वजनावर ठरते, आणि परजीवी खरंच आहे का हे ताज्या विष्ठेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळतं. हे पशुवैद्याचं काम आहे, माशांवर उपचार करणाऱ्या. पांढरी विष्ठा नुसत्या उपाशी माशालाही होते. अंदाजाने दोन-तीन औषधं एकत्र ओतणं सगळ्यात वाईट. काही प्रतिजैविकं फिल्टरचे जिवाणूही मारतात आणि मग अमोनियाशी नव्याने लढा.

पुढचं काही दिसलं तर स्वतःचे प्रयोग थांबवून पशुवैद्याला गाठा:

- खड्डा खोल जाऊन आत मांस किंवा हाड दिसतंय, कडा लाल आहेत.
- पाणी ठीक असूनही दहा दिवसांत काहीच खाल्लेलं नाही आणि पाठ सुकत चाललीय.
- पोट फुगलंय आणि खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेत.
- टाकीतले एकापेक्षा जास्त मासे एकाच आठवड्यात आजारी पडलेत.
- औषधाचा एक पूर्ण क्रम झाला, नायट्रेट महिनाभर २० च्या आत आहे, तरी नवे खड्डे पडताहेत.

जाताना सोबत फोटो, पाण्याच्या नोंदींची वही आणि टाकीतलं एक बाटली पाणी न्या.

पाण्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियन. ‘जरासाच करंट आहे’ म्हणून चालवून घेणारे मी पाहिलेत. काचेच्या जोडातून ओल येत असेल, किंवा स्टँड एका बाजूला दबलेला दिसला, तर मासा ड्रममध्ये एअर पंपासह हलवा, टाकी रिकामी करा आणि मग टाकी बनवणाऱ्याला बोलवा. भरलेल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन फासू नका, टिकत नाही.

सगळं जमून आलं तर कडा बंद व्हायला तीन-चार आठवडे लागतात, खोल खड्डे भरायला कित्येक महिने. काहींच्या जागी फिकट व्रण कायमचा राहतो. तो आजार नव्हे. म्हणून दर रविवारी, पाणी बदलायच्या आधी, त्याच कोनातून एक फोटो काढत राहा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून बघा.